उंबरठ्याबाहेरचा ठोका



शाळेच्या वार्तापत्रासाठी संगीताविषयी काही लिहा, असे संपादक ताईंनी सांगितले, तेव्हा मी तबल्यावर लिहीन असे त्यांनी गृहीत धरले असावे. मीही तसेच धरून चाललो होतो. नोकरी सांभाळून तीस-बत्तीस वर्षे मी इथे इंदूरला भजनी मंडळात तबला वाजवला आणि गल्लीतल्या मुलांना जमेल तसा शिकवला. पण लिहायला बसलो आणि लक्षात आले, की गेल्या वर्षभरात मला जे नवे कळले, ते तबल्याने नव्हे, नातीच्या विजेवर चालणाऱ्या ड्रमने शिकवले. त्यात माझी एक चूकही आहे. ती कबूल केल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

नात आपल्याच शाळेत सातवीत आहे. तिला ड्रम शिकायचा होता. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. खऱ्या ड्रमचा एक ठोका पडला असता तरी खालच्या मावशी देवपूजा सोडून वर आल्या असत्या. म्हणून चिरंजीवांनी कुणाकडून तरी वापरलेला इलेक्ट्रॉनिक संच आणला. एका लोखंडी चौकटीला चार गोल पॅड, रबरी झांजा, पायाने वाजवायचा एक पॅड आणि बाजूला आकड्यांची छोटीशी पेटी. तिला मॉड्यूल म्हणतात. पॅडवर कातड्याच्या जागी बारीक जाळी ताणलेली होती. मी हात लावून म्हणालो, "ही तर मैद्याची चाळणी!" सूनबाई हसल्या. चिरंजीव म्हणाले, "आबा, यातून आवाज निघत नाही. यातून विजेचा इशारा निघतो. आवाज पेटीतून येतो." कानाला हेडफोन लावला की घरात फक्त टप-टप ऐकू येते. मावशींची पूजा सुखरूप राहिली.

आता अडचण सांगतो. दोन वर्षांपूर्वी नात सायकलवरून पडली आणि तिचे डावे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. हाड नीट जुळले, पण हात थोडा हलका राहिला. हळूहळू वापर वाढवा, ड्रम वाजवायला हरकत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ती वाजवायला बसली, की उजव्या हाताचे ठोके टणटणीत ऐकू येत आणि डाव्या हाताचे मधलेच दोन-तीन गळून जात. हलके ठोके तर पूर्ण नाहीसे होत. मी शेजारी खुर्ची टाकून बसायचो आणि म्हणायचो, "बाळ, डावा दाब. जोर लाव. डावा हात कच्चा आहे तुझा."

हे वाक्य मी आयुष्यभर म्हणत आलो आहे. माझ्या गुरुजींनी मला म्हटले होते, मी पुढे मुलांना म्हटले. डग्ग्यावर डावा हात दबला नाही तर ठेक्याला वजन येत नाही, हे खरेच आहे. नातीनेही ऐकले. ती डाव्या हाताने जोर लावून ठोकू लागली. आठवड्याभरात मनगट सुजले. दोन दिवस शेक घेतला, पुन्हा बसली, पुन्हा ठोके गळले. एका संध्याकाळी तिने दोन्ही स्टिक पिशवीत घातल्या, चेन लावली आणि मला म्हणाली, "आबा, माझा डावा हात ड्रमला चालत नाही. मी नाही शिकत आता."

मी म्हणालो, "असं नसतं गं." पण मनात मलाही तसेच वाटत होते. ते तिला दिसले असणार. मुलांना दिसते.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी हेडफोन लावून त्या संचापुढे बसलो. स्टिक धरायची मला सवय नाही, म्हणून जाळीवर बोटानेच हलकी टिचकी मारली. आवाज आला नाही. पुन्हा मारली, नाही आला. मात्र पेटीच्या पडद्यावर एक बारीक पट्टी दर टिचकीला किंचित वर उचलली जात होती. मी पाच-सहा वेळा करून पाहिले. म्हणजे पॅडला टिचकी कळत होती, पेटीपर्यंत पोहोचतही होती. पण पेटी तिची दखल घेत नव्हती.

माहितीपुस्तिका शोधून काढली. इंग्रजी बारीक अक्षरांत होती, भिंग घेऊन वाचली. त्यात एक शब्द सापडला, थ्रेशोल्ड. म्हणजे आपला उंबरठा! ठरवलेल्या उंचीपेक्षा कमी जोराचा ठोका आला, तर पेटी त्याला आत घेत नाही. ठोका दारापर्यंत येतो आणि बाहेरच राहतो. आमच्या पेटीत हा आकडा ० ते ३१ पर्यंत ठेवता येतो. आधीच्या मालकाने तो चांगलाच वर नेऊन ठेवला होता. त्याचा हात दणदणीत असेल, त्याला गरज नव्हती. त्याच्या हातासाठी बांधलेल्या उंबरठ्यावर माझ्या नातीचा डावा हात अडखळत होता, आणि मी तिला सांगत होतो, उडी मार.

इथे विद्यार्थ्यांसाठी थोडे विज्ञान सांगतो. स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर पाहा. त्यात बॅटरी नसते. खटका दाबला की आतली छोटी हातोडी एका विशिष्ट पदार्थाच्या तुकड्यावर आपटते आणि ठिणगी उडते. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्यात विजेचा दाब तयार होतो, हे पिएर आणि झाक क्यूरी या भावांनी १८८० साली दाखवून दिले. याला पिझो परिणाम म्हणतात. ड्रमच्या पॅडमध्ये जाळीच्या खाली फोमचा एक शंकू असतो आणि शंकूच्या खाली रुपयाएवढी पितळी चकती. चकतीवर पिझो पदार्थाचा थर असतो. स्टिक जाळीवर पडली की जाळी खाली दबते, शंकू चकतीला हलवतो आणि चकतीतून विजेची एक लाट तारेतून पेटीकडे जाते. जोरात मारले तर मोठी लाट, हळू मारले तर छोटी. पेटी लाटेची उंची मोजते आणि तिला १ ते १२७ मधला एक आकडा देते. वाद्यांनी एकमेकांशी बोलायची जी मिडी नावाची भाषा १९८३ साली आली, तिच्यात ठोक्याचा जोर असाच आकड्यात लिहितात.

जाळीसुद्धा उगाच आलेली नाही. १९८१ साली ब्रिटनच्या सिमन्स कंपनीने षटकोनी पॅडचा संच काढला. तो दिसायला फार झोकदार होता, पण पॅडचा पृष्ठभाग कडक प्लास्टिकचा. वादकांची मनगटे दुखू लागली. मग रबर आले. १९९७ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीने रेमो या ड्रमची कातडी बनवणाऱ्या कंपनीबरोबर जाळीचे पॅड आणले. स्टिकला उसळी मिळते, मनगटाला धक्का कमी बसतो आणि आवाजही होत नाही. म्हणजे दुखऱ्या मनगटासाठी हे वाद्य उलट सोयीचे. आम्हीच ते गैरसोयीचे करून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मी नातीला म्हणालो, "तुझा हात चुकत नव्हता. मी चुकलो. चल, दोघं मिळून पाहू." ती लगेच आली नाही. पुस्तक वाचत बसली. पण तासाभराने येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली.

आता आमच्या चुका क्रमाने सांगतो, कारण ज्यांच्या घरी असा संच असेल त्यांचे त्यामुळे काही तास वाचतील.

पहिली चूक अशी, की मी घाईने सेन्सिटिव्हिटी म्हणजे संवेदनशीलता वाढवली. तो आकडा १ ते ३२ असतो. वाढवला की प्रत्येक ठोका मोठा होऊन आत येतो. डावा हात एकदम खणखणीत वाजू लागला. नात खूश, मी खूश. दोन दिवस घरात नुसता उत्साह होता. तिसऱ्या दिवशी तिनेच हेडफोन काढला आणि म्हणाली, "आबा, आता सगळंच सारखं वाजतंय. हळू मारलं तरी मोठं, मोठं मारलं तरी तेवढंच मोठं." पडद्यावर पाहिले तर मध्यम ठोकाही थेट १२७ वर जाऊन टेकत होता. त्याच्या वर जागाच नव्हती. आधी यंत्र तिचे ऐकत नव्हते, आता ते तिची खुशामत करत होते. दोन्हींत हाताला काही शिकायला मिळत नाही.

योग्य रीत अशी आहे. आपण वाजवताना जास्तीत जास्त जेवढा जोर लावू, तेवढ्या जोराने काही ठोके मारायचे आणि ते १२७ च्या आसपास जेमतेम पोहोचतील एवढीच संवेदनशीलता ठेवायची. मग उंबरठा शून्यावर आणून एकेक पायरी वर चढवायचा. नको ते आवाज बंद झाले आणि सर्वांत हलका ठोका मात्र आत येतो आहे, अशा पायरीवर थांबायचे.

हे करताना दुसरी अडचण आली. उंबरठा खाली आणल्याबरोबर भुते बोलू लागली. नात मधला ड्रम वाजवी आणि शेजारचा टॉम आपोआप 'ठुम्' करी. पाय मारला की स्नेअर किंचित खुळखुळे. सगळे पॅड एकाच लोखंडी चौकटीला बांधलेले. एकाचा हादरा चौकटीतून दुसऱ्याला जातो आणि दार उघडे असले की तोही आत येतो. याला क्रॉसटॉक म्हणतात. तो दाबायचीही सोय पेटीत आहे. मी तो आकडा भराभर वाढवला. भुते गेली. पण तिने दोन ड्रम दोन्ही हातांनी एकदम वाजवले, तर फक्त उजवा ऐकू आला. डावा पुन्हा गायब!

मी डोक्याला हात लावला. पुस्तिकेत खुलासा होता. दोन पॅड एका क्षणी वाजले आणि हा आकडा फार वाढवलेला असला, तर त्यातला हलका ठोका म्हणजे शेजाऱ्याचा हादराच, असे पेटी धरून चालते आणि तो टाकून देते. बंदोबस्त करायला गेलो शेजाऱ्याचा आणि त्यात बळी गेला तो आमच्याच डाव्या हाताचा.

तेव्हा आकडे बाजूला ठेवून पाना हातात घेतला. चौकटीचे दोन नट ढिले होते, ते आवळले. एकमेकांना टेकत असलेले दोन पॅड चार बोटे लांब केले. तारा चौकटीला आपटत होत्या, त्या बांधल्या. पायाच्या पॅडखाली जाड रबरी चटई घातली. हे मावशींसाठीही बरे झाले, कारण पॅडचा आवाज होत नसला तरी पायाचा धक्का फरशीतून खाली जातच होता. एवढे केल्यावर क्रॉसटॉकचा आकडा अगदी थोडा ठेवूनही भागले. जे पान्याने होते, ते आकड्याने करायला जाऊ नये, हा धडा मी वहीत लिहून ठेवला.

तिसरी गोष्ट जाळीच्या ताणाची. ती खरे तर सर्वांत आधी करायला हवी होती. इथे मात्र माझा तबला कामी आला. तबल्याच्या गजऱ्याची सोळा घरे एका सुरात आणताना आपण समोरासमोरची घरे जुळवत जातो, एकाच बाजूला हातोडी मारत सुटत नाही. जाळीचेही तसेच. आमच्या पॅडच्या कडेला सहा स्क्रू आहेत. एक आवळला की त्याच्या समोरचा, प्रत्येक वेळी अर्धाच फेरा. जाळी सैल राहिली, तर स्टिक पडल्यावर ती थरथरत राहते आणि एका ठोक्याचे दोन ऐकू येतात. ताण बदलला की संवेदनशीलताही पुन्हा पाहावी लागते. म्हणून ताण आधी, आकडे नंतर.

ताण लावताना आणखी एक उलगडा झाला. चकती बरोबर मध्यभागी असते, त्यामुळे शंकूच्या डोक्यावर पडलेला ठोका जास्त जोराचा मोजला जातो आणि कडेकडे पडलेला कमी. तबल्यावर चाट, मैदान, शाई यांचा बोल वेगळा असतो, हे मला सांगायला नको होते. पण नातीची डावी स्टिक कुठे पडते, हे मी इतक्या दिवसांत पाहिलेच नव्हते. मनगट पूर्ण वळत नसल्यामुळे ती दर वेळी कडेला पडत होती. हात हलका, त्यात जागा कडेची, म्हणजे दुहेरी तोटा. आम्ही पॅड थोडा तिच्याकडे कलता केला, स्टूल दोन बोटे वर घेतले. दोन्ही स्टिक मध्यापासून सारख्या अंतरावर पडू लागल्या. आकड्याला हातही न लावता डाव्या हाताचे गळणारे बरेच ठोके परत आले.

राहिली तीन-चार बारीक कलमे. पेटी लाट मोजायला किती वेळ घेते, तो स्कॅन टाइम. एका सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यातले ० ते ४. फार कमी ठेवला, तर एकाच जोराचे ठोके वेगवेगळे मोजले जातात. वाढवला तर आवाज किंचित उशिरा येतो. पण घाबरायचे कारण नाही. हवेत आवाज एका सहस्रांश सेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. आम्ही २ ठेवला आहे. म्हणजे ड्रम हातभर लांब ठेवल्यासारखे झाले. रीट्रिगर कॅन्सल थरथरीतून निघणारा दुसरा खोटा ठोका गाळतो. आणि मास्क टाइम म्हणजे एक ठोका घेतल्यावर दार किती वेळ बंद ठेवायचे. हा ६४ सहस्रांश सेकंदांपर्यंत जातो. गणिताच्या विद्यार्थ्यांनी हिशेब करावा. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. तिच्यात आठ ठोके बसवले, तर दोन ठोक्यांत ६२.५ सहस्रांश सेकंदांचे अंतर राहते. दार ६४ बंद असेल, तर एकाआड एक ठोका बाहेर. मूल जलद वाजवते आहे आणि आपण म्हणतो, 'बोल गाळतेस.'

शेवटचे कलम वक्रतेचे, आणि तिथे आमच्यात वाद झाला. ठोक्याचा जोर आणि आवाज यांचे नाते सरळ ठेवायचे की वळवायचे, हे पेटीत ठरवता येते. एक प्रकार असा आहे, की हलके ठोके मोठे करून ऐकवले जातात. मला वाटले, लेकराला इतका त्रास झाला आहे, तेवढी सवलत देऊ. डावा आणि उजवा जवळजवळ सारखे ऐकू येतील, कुणाला कळणारही नाही. मी तसे लावून दिले. नातीने एक गत वाजवली, थांबली आणि विचारले, "आबा, हे मी वाजवलं की पेटीनं?"

मी गप्प बसलो. तिने स्वतः तो प्रकार सरळ रेषेवर आणला. म्हणाली, "माझा ठोका ऐकू आला पाहिजे, बस. छोटा असेल तर छोटाच ऐकू येऊ दे. नाहीतर मला कसं कळणार, वाढतोय की नाही ते?"

मला वाटते, शिकवण्याविषयी तीस वर्षांत मला जे नेमके सांगता आले नव्हते, ते या मुलीने दोन वाक्यांत सांगितले. उंबरठा खाली हवा, म्हणजे कुणाचाच ठोका बाहेर राहणार नाही. पण मोजमाप सरळ हवे, म्हणजे कुणाला खोटे सांगितले जाणार नाही. आम्ही थोर मंडळी नेमके उलटे करतो. आधी ऐकूनच घेत नाही आणि मग दया आली की वाढवून गुण देतो.

त्यानंतर सरावाला वेगळाच रंग आला. रोज दहा मिनिटे ती पडद्यावरचे आकडे वहीत लिही. सुरुवातीला उजवा नव्वदीत आणि डावा चाळिशीत असे. जोर लावायचा नाही, दुखले की थांबायचे, असा नियम सूनबाईंनी घातला होता. पावसाळा संपेपर्यंत डावा पन्नाशीच्या वर गेला, दिवाळीनंतर साठीच्या घरात आला. अजून बरोबरी झालेली नाही, कदाचित होणारही नाही. पण डाव्या हाताचे हलके ठोके ती आता मुद्दाम, हवे तिथे वाजवते. ड्रमवर दोन मोठ्या ठोक्यांच्या मध्ये असे हलके ठोके पेरतात, त्यांना इंग्रजीत घोस्ट नोट म्हणतात. तबल्यातही भरीचे बोल असतात. ते ठळक ऐकू येत नाहीत, पण काढून टाकले तर ठेका लंगडा होतो.

स्नेहसंमेलनाचा दिवस तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या दिवशी रंगमंचावर भाड्याने आणलेला संच होता. तालमीच्या वेळी दहावीतल्या एका मुलाने त्यावर वाजवले होते. त्याचा हात चांगला भरदार. नातीने बसून दोन ठोके मारले आणि विंगेत उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिले. मला कळले. सूत्रसंचालक बाईंना विनंती करून आम्ही दहा मिनिटे मागून घेतली. त्यांनी मध्ये एक नकला करणारा विद्यार्थी घातला, त्याचे आभार. उंबरठा खाली, संवेदनशीलता थोडी वर, दोन स्क्रू अर्धा-अर्धा फेरा. तेवढाच वेळ होता. लाकडी व्यासपीठ हादरत होते, त्यामुळे उंबरठा घरच्याइतका खाली नेता आला नाही.

गाणे झाले, टाळ्याही झाल्या. मधल्या हळू भागात डाव्या हाताचे दोन ठोके गळलेले मी ऐकले. प्रेक्षकांत कुणाला कळले नसेल. मी तिचा हात पाहत होतो. दोन ठोके गेले तरी तिने पुढच्या ठोक्याला जोर वाढवला नाही, आपल्या हाताने वाजवत राहिली. खाली आल्यावर म्हणाली, "दोन गेले आबा. पण मी वाजवले होते."

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "मी पाहिले."

आपल्या इंदूरला मृदंगाची मोठी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात होळकरांच्या दरबारी नाना पानसे यांच्यासारखे पखवाजी होऊन गेले. पखवाजाच्या डाव्या तोंडावर कणीक लावतात, हे मुलांना माहीत असेल. ती कायमची लावून ठेवत नाहीत. दर बैठकीला ताजी भिजवायची, लावायची, वाजवून पाहायची, कमी-जास्त करायची आणि शेवटी काढून टाकायची. हवा बदलते, सूर बदलतो, म्हणून कणीकही बदलते. कालची कणीक आजच्या बैठकीला चालत नाही. यंत्राचे आकडेही तसेच आहेत. एकदा लावून विसरण्याचे ते काम नाही.

विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. शाळेच्या संगीत वर्गासाठी असा संच घ्यायचा विचार चालू असल्याचे ऐकतो. जरूर घ्यावा. मात्र त्याच्याबरोबर एक शंभर पानी वही, एक ड्रमची चावी आणि एक पानाही घ्यावा. वहीत प्रत्येक मुलाचे एक पान असावे. त्यावर त्याची संवेदनशीलता, त्याचा उंबरठा आणि स्टुलाची उंची लिहिलेली असावी. जो बसेल त्याने आपले पान उघडून आकडे लावून घ्यावेत. पाच मिनिटांचे काम आहे. ही वही तयार करून द्यायला मी शनिवारी येईन, मानधन नको. चहा चालेल.

आणि शेवटी एक गोष्ट राहते, ती लिहायला मला जड जाते आहे. गल्लीतल्या शिकवणीत माझ्याकडे येऊन गेलेल्या काही मुलांना मी 'तुझा हात नाही रे तबल्याचा' असे सांगून परत पाठवले होते. त्यांतली काही आज पालक म्हणून हे वार्तापत्र वाचत असतील. तेव्हा माझा उंबरठा कुठे होता, हे मी कधी तपासले नव्हते. तुमच्यापैकी कुणाला अजून इच्छा असेल, तर संध्याकाळी साडेपाचनंतर मी घरीच असतो. तबला सुरात लावलेला आहे. या वेळी आधी मी ऐकेन.